रेनकोटमागचे दोन खिसे

१० फेब्रुवारी

चिंगी,

आज सव्वासहाला उठलो. दूध तापवलं. सातला तुझ्या दादाला उठवलं. दाढी त्याने स्वतः केली, मी फक्त हनुवटीखाली राहिलेली पाहिली. पावणेनऊला केंद्राची बस आली आणि तो कामाला गेला. दुपारी कचेरीतून आईच्या मृत्यूच्या दाखल्याच्या तीन प्रती आणल्या. एक या पत्रासोबत आहे. तुला लागेलच असं नाही, पण असावी. चारला दादा परत आला. संध्याकाळी कपडे वाळत घातले. दिवस इतकाच.

ही गेली त्याला आज सत्तावीस दिवस झाले.

कळवण्यासारखी एक गोष्ट आहे. केंद्राच्या सहनिवासात एक खोली रिकामी झाली आहे. कार्यशाळेच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर हा ब्लॉक आहे. चार खोल्या, दादासारखे चार जण, एक स्वयंपाकघर. मदतीला चोवीस तास कुणीतरी असतं, पाळीपाळीने. त्यांना तिथे सोबती म्हणतात. राहणाऱ्याचं काम सोबती करत नाहीत, तो करत असताना शेजारी उभे राहतात. एक मार्चपासून सहा आठवडे दादाने तिथे राहून पाहायचं. रमला तर खोली कायमची त्याची. नाही रमला तर यादीतल्या पुढच्याची. यादीत तेवीस घरं आहेत. संचालिकाबाईंनी हे सगळं आवाज न चढवता, न उतरवता सांगितलं. मला ते आवडलं.

मी होकार दिला आहे. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. तब्येत ठणठणीत आहे, पण वजनमापं खात्यात नोकरी केलेल्या माणसाला वजाबाकी येते.

दादा ठीक आहे. चारच्या कार्डाचा थोडा घोळ आहे, तो मी निस्तरीन. तू गेल्यानंतर कार्डांची पट्टी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आली, बाकी सगळं तसंच आहे. सकाळी दिवसभराची फोटोंची कार्डं वरून खाली ओळीने चिकटवायची. एकेक गोष्ट उरकली की दादा तिचं कार्ड काढून 'झालं' लिहिलेल्या बिस्किटांच्या डब्यात टाकतो. दुसऱ्या दिवशी डबा रिकामा करून पट्टी पुन्हा भरायची. आई इस्पितळात गेल्यापासून पट्टी दादाच भरतो. माझ्यापेक्षा सरळ लावतो.

तिकडे थंडी असेल. जपून राहा.

बाबा


२० फेब्रुवारी

चिंगी,

तुझं पत्र परवा आलं. पाच ओळी आणि तीन प्रश्न. क्रमाने उत्तरं देतो.

पहिला प्रश्न, चारच्या कार्डाचा घोळ म्हणजे काय. चार वाजता केंद्राची बस यायची तेव्हा तुझी आई फाटकाशी उभी असायची. म्हणून चारच्या जागेवर आईचा फोटो. निळी पिशवी घेतलेला, तू काढलेला. ती गेली त्या दिवशी संध्याकाळी मी ते कार्ड दादासमोर पट्टीवरून काढलं आणि 'झालं'च्या डब्यात टाकलं. मला वाटलं, योग्य तेच केलं. काहीतरी रीतसर व्हायला हवं होतं आणि मला दुसरं काही सुचलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी त्याने ते चारच्या जागी परत लावलं. तेव्हापासून रोज तेच. बसमधून उतरतो आणि फाटकाशी उभा राहतो. वर येत नाही. आईचं कार्ड पट्टीवर असेपर्यंत त्याखालचं जेवणाचं कार्ड त्याला उचलता येत नाही, हे तुला सांगायला नको. साडेआठ-नऊला मी त्याला हाताला धरून वर आणतो, आईचं कार्ड माझ्या हाताने डब्यात टाकतो, मग तो जेवतो. सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. लिहायला हवी होती. पाच तारखेला मी ते कार्ड माझ्या कपाटात शर्टांखाली लपवलं. दादाने घरातला एकूण एक ड्रॉवर उलटा केला आणि मग चौकटीवर डोकं आपटलं. कपाळाला दोन टाके पडले. डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी टाका घालण्याआधी दोरा त्याच्या हातात देऊन बघू दिला. आता जखम भरली आहे. कार्ड मी परत दिलं.

दुसरा प्रश्न, दादाला सांगितलं का आणि कोणत्या शब्दांत. सांगितलं. आई लांब गेली आहे, आता ती आराम करते आहे, असं म्हणालो. हे वाचून तू काय म्हणशील ते मला इथे बसून ऐकू येतं. संचालिकाबाईही तेच म्हणाल्या. "काका, आराम करणारं माणूस उठतं. मेली असं म्हणा." मी म्हणेन. अजून तोंडातून निघालेलं नाही, पण म्हणेन.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पत्रात देतो.

बाबा


३ मार्च

चिंगी,

परवा, शनिवारी, दादा सहनिवासात राहायला गेला. सामान एक सुटकेस, त्याची उशी, मोठी पट्टी, डबा आणि माझ्या जुन्या पितळी वजनांची पेटी. ती वजनं त्याला उशाशी लागतात. पाच किलोचं वजन चौथ्या रांगेत ठेवू नका एवढंच मी सोबत्यांना सांगितलं. बाकी तो सांगेल.

त्याच्यावर जिची जास्त पाळी असते ती बाई पन्नाशीची आहे. आधी बसमध्ये कंडक्टर होती. सगळे तिला कंडक्टरबाई म्हणतात, तीही स्वतःला तेच म्हणते. दार उघडताच म्हणाली, "या काका, पुढे सरका, दारात गर्दी नको." आम्ही दोघंच होतो. दादाला हे वाक्य फार आवडलं. मी निघेपर्यंत त्याने ते अकरा वेळा म्हटलं आणि दर वेळी तिने, "सरकते साहेब," असं उत्तर दिलं.

दर रविवारी तो घरी येईल. त्यासाठी मी घरी एक लहान पट्टी आणि 'झालं'चा दुसरा डबा केला आहे. कार्डं मीच कापली. सगळी एका मापाची आहेत.

आता तिसरा प्रश्न.

खोलीच्या कागदपत्रांसाठी संचालिकाबाईंनी मूळ अर्ज काढला. मी म्हणालो, आमचा अर्ज नसेल, तुमची काहीतरी चूक होते आहे. त्यांनी फाईल माझ्याकडे फिरवली. तारीख नऊ वर्षांपूर्वीची. खाली सही तुझ्या आईची. चार पानं भरलेली तुझ्या अक्षरात. दादाला कशाने भीती वाटते, कशाने हसू येतं, दात कुठल्या बाजूने घासतो, सगळं. 'र' काढायची तुझी सवय मी ओळखली.

म्हणजे त्या दिवशी मी जे बोललो, त्याच्यानंतर तुम्ही दोघींनी बसून हा अर्ज भरला आणि मग तू गेलीस. तू एवढंच विचारलं होतंस की तुमच्यानंतर दादाला कोण, आणि ते मीच असेन तर मला कुणी विचारलंय का. मी म्हणालो, माझ्या मुलाला मी कुठे टाकणार नाही, तुला जड होत असेल तर तू वाट धर. तू एक सुटकेस घेऊन गेलीस. शनिवारी दादाने नेली तेवढीच.

आई गेल्याचं फोन न करता पत्राने का कळवलं. फोन नंबर नव्हता असं मी माझ्या मनाशी ठरवलं होतं. तो फ्रिजवर आहे. आईच्या अक्षरात, ठळक, चष्म्याशिवाय दिसेल असा. ती गेली त्या दिवशी मी त्याच्यासमोर दोनदा उभा राहिलो. तू फोन उचलला असतास आणि आधी आईशी बोलायचं म्हणून, "दे तिला," म्हणाली असतीस. मला त्याचं उत्तर देता आलं नसतं. म्हणून पत्र लिहिलं. ते तुला आठव्या दिवशी मिळालं आणि तोवर सगळं उरकलं होतं. तुला तुझ्या आईला बघता आलं नाही ते माझ्यामुळे.

हे एकदा लिहून काढायचं होतं.

बाबा


१७ मार्च

चिंगी,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. दादा जेवतो का, एवढंच विचारलं आहेस. खरं उत्तर असं आहे की नीट जेवत नाही. काल रविवारी मी त्याचं वजन केलं. पंधरा दिवसांत एक किलो नऊशे ग्रॅम कमी.

दिवसा काही अडचण नाही. कार्यशाळेत तो पहिल्या नंबरचा आहे. तिथे स्क्रूंची पाकिटं भरायचं काम असतं, वजनावर. गेल्या आठवड्यात दादा पाकीट भरी, काट्यावर ठेवी आणि परत ओती. दिवसभर एक पाकीट पुढे सरकलं नाही. देखरेख करणाऱ्या गृहस्थांना वाटलं, आईच्या दुःखाने हे होतंय. मला बोलावलं. मी खिशातलं पन्नास ग्रॅमचं वजन त्यांच्या काट्यावर ठेवलं. काटा सेहेचाळीस दाखवत होता. दादा बरोबर होता, काटा चुकत होता. मी तिथल्या तिथे दुरुस्त करून दिला. दादाने पाकीट ठेवलं, आकडा पाहिला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पास." शिक्का मारताना मी दुकानात म्हणायचो तसंच. लहानपणी एकदा सुट्टीत त्याला कामावर नेलं होतं. तीस वर्षांत विसरला नाही.

पण चार वाजले की संपलं. सोबत्यांबरोबर गल्लीतून चालत येतो आणि इमारतीच्या फाटकाशी थांबतो. आठपर्यंत उभा. आईचं कार्ड घरी सकाळी पट्टीवर लावायचा तसं तिथेही लावतो. खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तक्रार केली आहे की फाटकात रोज एक मोठा माणूस उभा असतो आणि त्यांची सून घाबरते. कंडक्टरबाई त्यांना म्हणाल्या म्हणे, "सुनेला सांगा, तो आईची वाट बघतोय, तिची नाही." तक्रार मागे घेतलेली नाही.

संचालिकाबाईंनी मला बसवून सांगितलं. "काका, तक्रारीचं मी बघते. पण पोरगा चार तास उपाशी उभा राहतो आणि माझी माणसं बघत राहतात. बारा एप्रिलपर्यंत हे असंच राहिलं तर मला नाही म्हणावं लागेल. त्याचे हाल होतायत."

मी म्हणालो, "बारा तारखेपर्यंत होईल."

कसं होईल ते मला माहीत नव्हतं. पण होईल. छत्तीस वर्षं मी काटे तपासले. मला एकही असा काटा भेटला नाही की जो उगाच चुकतो. कुठेतरी काहीतरी लागलेलं असतं.

बाबा


२४ मार्च

चिंगी,

सापडलं.

काल रविवारी कंडक्टरबाई दादाबरोबर घरी आल्या. त्यांची सुट्टी होती. म्हणाल्या, "गाडी कुठून सुटते ते बघितल्याशिवाय मला कळत नाही ती कुठे अडते." चहा घेता घेता त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. जसं झालं तसं लिहितो.

"काका, झालंचा डबा रोज कोण रिकामा करतं?"

"दादाच."

"डब्यातली कार्डं दुसऱ्या दिवशी कुठे जातात?"

"पट्टीवर."

"सगळी?"

"सगळी. रोजचीच कामं ना. अंघोळ आज झाली तरी उद्या असतेच."

त्या कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "आणि काकूंचं कार्ड तुम्ही डब्यात टाकलंत."

"म्हणजे तुम्ही त्याला परतीचं तिकीट दिलंत की हो. तो बिचारा तिकीट घेऊन गाडीची वाट बघतोय, आणि आपण सगळे म्हणतोय, हट्टी आहे."

चिंगी, झालं म्हणजे उद्या पुन्हा. त्या डब्याचा एवढाच अर्थ आहे आणि तो या घरात तीस वर्षं आहे. रोज रात्री, आधी माझ्या हाताने आणि मग सोबत्यांच्या, मी त्याला सांगत होतो की आई उद्या येईल. अडुसष्ट दिवस. मी खुर्चीत बसलो.

"बसू नका," कंडक्टरबाई म्हणाल्या. "आधी मला सांगा, या घरातून याच्याआधी कोणी गेलंय?"

"माझी आई. चौदा वर्षं झाली."

"तेव्हा हा असा थांबला होता?"

"दोन दिवस. मग नाही."

"काय केलंत?"

"ते हिने बघितलं."

"आणि तुम्ही?"

"मी ऑफिसात होतो."

"हं. सगळे काका ऑफिसातच असतात." त्या दादाकडे वळल्या. "साहेब, आजीचं कार्ड कुठे आहे हो?"

दादा बरोबर आणलेली वजनांची पेटी लावत बसला होता. तो उठला, बाहेरच्या दारामागे गेला, खुंटीवरचा माझा रेनकोट काढला आणि माझ्या हातात दिला.

त्या खुंटीवर रेनकोटाच्या मागे एक कापड टांगलेलं होतं. मी त्यावर रोज रेनकोट अडकवत आलो, किती वर्षं ते मला सांगता येत नाही. तुझ्या शाळेच्या युनिफॉर्मचं निळं कापड. त्यावर आईने दोन खिसे शिवले आहेत. एकावर पांढऱ्या दोऱ्याने 'नाही' आणि दुसऱ्यावर 'नंतर'. टाके मशीनचे नाहीत, हातचे. मी घरात असताना केलं असणार, कारण मशीनचा आवाज मला चालत नसे.

दादाने 'नाही'मधली कार्डं काढून जमिनीवर मांडली. आजी. बंद पडलेल्या शाळेची व्हॅन. समोरच्यांचा म्हातारा कुत्रा. परत येणार नाही ते सगळं तिथे. पट्टीवर येत नाही, डब्यातही जात नाही. हवं तेव्हा काढून बघता येतं.

मी विचारलं, "त्याला हे माहीत होतं तर त्याने स्वतःच कार्ड इथे का नाही ठेवलं?"

"कसा ठेवेल? तुम्ही डब्यात टाकलं होतं ना. घरातल्या मोठ्या माणसाने तिकीट पंच केल्यावर तो कशाला खाडाखोड करेल?"

दादाच्या शर्टाच्या खिशात आईचं कार्ड होतं. मी हात पुढे केला. त्याने दिलं. मग मी ते म्हणालो जे मला म्हणता येत नव्हतं. मी म्हणालो, "दादा, आई मेली. आईचं शरीर बंद पडलं. आई चारला येणार नाही. उद्याही येणार नाही. मी कार्ड डब्यात टाकलं ते चुकलं." कार्ड लगेच 'नाही'च्या खिशात गेलं नाही, कडेला अडकलं. दादाने माझ्या हातातून ते घेतलं, जमिनीवरून आजीचं कार्ड उचललं, दोन्ही पाठीला पाठ लावून एकत्र आत सरकवली.

"आजीबरोबर," तो म्हणाला.

"हो. आजीबरोबर."

मग त्याने एकदाच मोठ्याने आवाज काढला, लहानपणी काढायचा तसा, आणि कानांवर हात ठेवून जमिनीवर बसला. कंडक्टरबाईंनी मला खुणेने सांगितलं, जवळ बसा, हात लावू नका. मी बसलो. गुडघे कुरकुरले. पंचवीस मिनिटं आम्ही तिथे होतो. त्या वेळात मीही रडलो. आतापर्यंत रडलो नव्हतो.

उठल्यावर त्याने दुसऱ्या खिशात हात घातला. 'नंतर'मध्ये दोन कार्डं होती. एक पोहण्याच्या तलावाचं, थंडीत तो बंद असतो. दुसरं तुझं. स्वतःचे केस स्वतः कापून घेतले होतेस तेव्हाचा फोटो. प्लॅस्टिकच्या कडा झिजून पांढऱ्या झाल्या आहेत, म्हणजे ते खूपदा बाहेर काढलं गेलं आहे. त्याने ते पाहिलं, परत ठेवलं आणि खिशावरून दोनदा थापटलं.

"ही कोण?" कंडक्टरबाईंनी विचारलं.

"माझी मुलगी."

"कधीपासून आहे इथे?"

"नऊ वर्षं."

त्यांनी खिशाची दुमडलेली कड बोटाने सरळ केली.

चार वाजता दादाने घड्याळाकडे पाहिलं, मग पट्टीकडे. तिथे जागा रिकामी होती. "चार?" त्याने विचारलं. कंडक्टरबाई म्हणाल्या, "अहो, सीट रिकामी कशाला ठेवता? बसवा कुणालातरी." आम्ही चहाचं कार्ड लावलं आणि पुन्हा चहा केला. दादाने तो चार वाजून सहा मिनिटांनी संपवला, कार्ड डब्यात टाकलं, जेवणाच्या कार्डावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "पुढे सरका."

साडेचारला जेवला. भूक होतीच.

बाबा


१२ एप्रिल

चिंगी,

आज सकाळी दहाला केंद्रात गेलो. संचालिकाबाईंनी दोन कागदांवर सह्या घेतल्या. दादाने स्वतःच्या नावाची सही केली, पाच मिनिटं लागली, कोणी घाई केली नाही. खोली त्याची झाली. दारावर त्याच्या नावाची पाटी लागली आहे. लावताना त्याने ती सुताराची लेव्हल ठेवून तपासायला लावली. किंचित डावीकडे होती. सरळ केली.

वजन आठशे ग्रॅमने वाढलं आहे. तक्रार करणाऱ्या गृहस्थांचं आता काही म्हणणं नाही. उलट परवा दादाने त्यांना जिन्यात, "दारात गर्दी नको," असं सांगितलं आणि ते बाजूला झाले, असं कंडक्टरबाई सांगत होत्या. त्यांच्या सांगण्यातलं निम्मं धरायचं.

बुधवारच्या चारला आता माझं कार्ड असतं. आधी घरात माझं कार्ड नव्हतंच. ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो कापून केलं. टायवाला आहे, पण दादाला चाललं. बुधवारी मी त्याच्याकडे चहाला जातो. आईचा नियम होता की पट्टीवर लावलेलं कार्ड खरं झालंच पाहिजे, म्हणून मागच्या आठवड्यात अंगात कणकण होती तरी गेलो. पुढेमागे ते कार्ड कुठे ठेवायचं हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. दादाला, कंडक्टरबाईंना, आणि हे लिहिल्यामुळे तुलाही. मला झोप चांगली लागते.

तू विचारलं होतंस की मी एकटा काय करतो. केंद्राने मला एक काम दिलं आहे. खोलीसाठी थांबलेली जी बावीस घरं आहेत, त्यांच्यातल्या काही आई-बापांशी मी मंगळवारी बोलतो. बोलतो म्हणजे त्यांना विचारतो की तुमच्या घरातली पट्टी, डबा, खिसा, जे काही असेल ते, दोघांनाही माहीत आहे का. बहुतेक घरी एकालाच माहीत असतं. दुसरा ऑफिसात असतो. मग मी त्याला सांगतो की आज घरी गेल्यावर दारामागे बघा. मला फारसं बोलता येत नाही, पण एवढं मी खात्रीने बोलतो आणि ते ऐकतात.

तुझ्याबद्दल लिहायचं आहे. नऊ वर्षांपूर्वी तू जे म्हणालीस ते बरोबर होतं. मी जे म्हणालो ते चूक होतं, आणि ते चूक आहे हे मला तू जिना उतरत होतीस तेव्हाच कळलं होतं. मी दार लावून घेतलं. खोली दादाला मिळाली ती तू भरलेल्या चार पानांमुळे मिळाली. संचालिकाबाई म्हणाल्या, इतका नेमका अर्ज त्यांच्या फाईलमध्ये दुसरा नाही. तुझ्या आईने तो कधी मला दाखवला नाही आणि तुझं कार्ड कधी 'नाही'च्या खिशात घातलं नाही. मी दोन्ही ठिकाणी तिच्यामागून पोचलो.

कार्ड आहे तिथेच आहे. मी ते पट्टीवर लावलेलं नाही. लावायचं तर तारीख लागते, आणि ती तुझ्याकडून आली तरच मी लावीन. नाही कळवलीस तरी मी विचारणार नाही. ते तिथे नीट आहे. दर रविवारी दादा काढून बघतो आणि परत ठेवतो. फोटो मात्र जुना झाला आहे. नवा पाठवलास तर कार्ड मी कापीन. माप माझ्याकडे आहे.

उद्या रविवार. पट्टी लावून ठेवली आहे. न्याहारी, दादा, बाग, जेवण, चहा, बस.

एक काम तीन आठवडे राहून गेलं होतं. रेनकोट त्या दिवसापासून खुर्चीच्या पाठीवर पडून होता. पत्र इथवर लिहून उठलो, हातोडी शोधली, खिडकीशेजारच्या भिंतीत, दारापासून लांब, एक खिळा ठोकला आणि रेनकोट त्यावर टांगला.

बाबा